फ्रेड अस्टेअर : हलक्याफुलक्या नाचामागचं जड काम



थोरामोठ्यांची चरित्रं आपण मुलांना नेहमीच सांगतो. त्यात शास्त्रज्ञ असतात, समाजसुधारक असतात, खेळाडू असतात. नाचणारा माणूस मात्र त्या यादीत फारसा येत नाही. आज अशाच एका माणसाची गोष्ट पाहू. अमेरिकेतल्या हॉलिवूडच्या जुन्या, कृष्णधवल संगीतमय चित्रपटांत हा माणूस काळा लांब कोट आणि उंच टोपी घालून असा नाचायचा, की जणू त्याला वजनच नाही. चित्रपटही अगदी हलकेफुलके. थोडा गैरसमज, थोडं रुसणं, खूप नाच आणि शेवटी लग्न. पण ते सगळं इतकं सोपं दिसावं म्हणून पडद्यामागे काय चालायचं, हे कळलं की आपण मुलांना सरावाबद्दल काय सांगतो याचाही विचार करावासा वाटतो.

आणखी एक कारण आहे. घरात दोन मुलं असली की त्यातलं एक हुशार आणि दुसरं साधारण, असा शिक्का आपण फार लवकर मारतो. फ्रेडवरही लहानपणी असाच शिक्का बसला होता. त्याच्या घरातली हुशार होती त्याची बहीण!

थोडक्यात परिचय

• मूळ नाव : फ्रेडरिक ऑस्टरलिट्झ
• जन्म : 10 मे 1899, ओमाहा, नेब्रास्का राज्य, अमेरिका
• आई-वडील : जोहाना (सगळे तिला अ‍ॅन म्हणत) आणि फ्रिट्झ
• बहीण : अडेल (जन्म 1896)
• ओळख : नर्तक, नृत्यरचनाकार, गायक, अभिनेता
• गाजलेले चित्रपट : टॉप हॅट (1935), स्विंग टाइम (1936), ईस्टर परेड (1948), रॉयल वेडिंग (1951), द बँड वॅगन (1953), फनी फेस (1957)
• निधन : 22 जून 1987, लॉस एंजेलिस

जन्म आणि बालपण

फ्रेडचे वडील मूळचे ऑस्ट्रियातल्या लिंझचे. अमेरिकेत येऊन ते ओमाहा शहरात बिअरच्या कारखान्यात नोकरी करत होते. आईचं घराणं जर्मन वंशाचं. अडेल लहानपणापासूनच सुंदर नाचायची. ओमाहातल्या नाचाच्या वर्गात तिचं कौतुक व्हायचं आणि आईच्या मनात आलं, की या पोरीला मोठ्या शहरात नेऊन चांगलं शिक्षण द्यायचं.

1905 साली आई दोन्ही मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली. वडील नोकरीसाठी ओमाहातच राहिले आणि तिथून पैसे पाठवू लागले. आठ वर्षांच्या मुलीच्या नाचासाठी संसार दोन शहरांत विभागला गेला. अडेलबरोबर पाच वर्षांचा फ्रेडही आला. त्याचं नाव नाचाच्या शाळेत घातलं ते मुख्यतः बहिणीला जोडीदार हवा म्हणून.

त्याच वर्षी दोघांनी रंगमंचावर पहिला छोटा कार्यक्रम केला. अडेल नवरी, फ्रेड नवरदेव आणि मंचावर लग्नाचा मोठा केक. एवढासा फ्रेड त्यात उंच टोपी आणि लांब कोट घालून उभा होता. तीच टोपी आणि तोच कोट पुढे तीस वर्षांनी जगभर त्याची ओळख होणार होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक! ऑस्टरलिट्झ हे आडनाव रंगमंचासाठी अवघड वाटलं, म्हणून दोघांनी अस्टेअर हे नाव घेतलं.

त्या काळी अमेरिकेत व्हॉडव्हिल नावाचा प्रकार लोकप्रिय होता. एकाच कार्यक्रमात गाणी, नाच, विनोद, जादू, कसरती असं सगळं असायचं आणि कलाकार गावोगाव फिरायचे. ही दोन मुलंही आईबरोबर आगगाडीने गावोगाव फिरली. पण काही वर्षांनी एक अडचण आली. अडेल भराभर उंच झाली आणि फ्रेड लहानच राहिला. मंचावर जोडी विजोड दिसू लागली. शेवटी आईने सुमारे दोन वर्षं काम बंद ठेवलं आणि मुलांना साध्या शाळेत घातलं. फ्रेडची उंची वाढेपर्यंत सगळे थांबले.

पालकांनी इथे जरा थांबून विचार करावा. जो मुलगा कमी पडत होता, त्याला बाजूला करून दुसरा जोडीदार शोधणं सोपं होतं. आईने ते केलं नाही.

बहिणीच्या सावलीत

1917 मध्ये दोघं ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य नाट्यगृहांत, पोहोचले. 1920 च्या दशकात तर त्यांनी न्यूयॉर्क आणि लंडन दोन्ही शहरं जिंकली. जॉर्ज गर्श्विन या संगीतकाराच्या लेडी बी गुड (1924) आणि फनी फेस (1927) या नाटकांत ही भावंडं होती.

पण वर्तमानपत्रांत कौतुक जास्त व्हायचं ते अडेलचं. ती मंचावर आली की प्रेक्षक हसायला लागायचे. तिला फार तालीम करायला आवडत नसे आणि तरी तिचं सगळं छान व्हायचं. फ्रेडचं उलट. तो तालमीला सगळ्यांच्या आधी यायचा, पाऊल मनासारखं पडेपर्यंत थांबायचा नाही आणि प्रयोग कसा होईल या काळजीने सगळ्यांना हैराण करायचा. त्याच्या या किरकिरीवरून बहीण त्याला चिडवायची. नाच बसवण्याचं बरंचसं काम मात्र हळूहळू त्याच्याकडे आलं होतं. म्हणजे टाळ्या बहिणीला मिळत होत्या आणि त्याच वर्षांत भाऊ काम शिकत होता.

1932 मध्ये अडेलने रंगमंच सोडला आणि लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश या इंग्लिश उमरावाशी लग्न करून ती आयर्लंडमधल्या लिस्मोर किल्ल्यात राहायला गेली. फ्रेड तेव्हा 33 वर्षांचा होता. त्यातली 27 वर्षं त्याने बहिणीबरोबर नाचण्यात घालवली होती. आता त्याचं कसं होणार, असा प्रश्न सगळ्यांनाच पडला.

त्याच वर्षी त्याने गे डिव्होर्स हे नाटक एकट्याच्या बळावर केलं. काही समीक्षकांना बहिणीशिवाय तो अपुरा वाटला. पण या नाटकात एक नवी गोष्ट घडली. बहिणीबरोबर प्रेमाचा नाच कधी करता येत नव्हता, त्यांचे नाच गमतीचेच असायचे. इथे क्लेअर लूस ही जोडीदार होती आणि संगीत कोल पोर्टरचं. फ्रेडने पहिल्यांदाच असा नाच बसवला, ज्यात दोन माणसं नाचता नाचता एकमेकांच्या प्रेमात पडतात. पुढच्या सगळ्या चित्रपटांचं बीज इथे आहे.

हॉलिवूडमध्ये प्रवेश

1933 मध्ये फ्रेडने फिलिस पॉटर हिच्याशी लग्न केलं आणि लगेच तो हॉलिवूडला गेला. वय 34. केस विरळ होत चाललेले, अंगाने किरकोळ, कान मोठे. नायकासारखं त्याच्यात काहीच नव्हतं!

त्याच्या पडदा-चाचणीची एक गोष्ट फार सांगितली जाते. कुणी अधिकाऱ्याने म्हणे लिहिलं होतं, की याला अभिनय येत नाही, टक्कल पडतंय, थोडंफार नाचतो. ही गोष्ट भाषणांत हमखास येते, पण तसा कागद कधी सापडलेला नाही. मुलांना सांगताना आपण ती दंतकथा म्हणूनच सांगावी. खरी नोंद वेगळी आहे आणि जास्त छान आहे. आर. के. ओ. या स्टुडिओचा त्या वेळचा प्रमुख डेव्हिड सेल्झनिक याने लिहिलं होतं, की याचे कान आणि हनुवटी खटकते खरी, पण माणसात मोहिनी एवढी आहे की वाईट चाचणीतही ती लपत नाही.

तो काळ महामंदीचा. अमेरिकेत 1933 मध्ये जवळजवळ दर चार कामगारांमागे एक बेकार होता. आर. के. ओ. स्टुडिओही आर्थिक अडचणीत होता. त्यांनी फ्रेडला फ्लाइंग डाऊन टू रिओ या चित्रपटात दुय्यम काम दिलं. श्रेयनामावलीत त्याचं नाव पाचवं होतं. चौथं नाव होतं 22 वर्षांच्या जिंजर रॉजर्सचं. दोघांनी मिळून एकच मोठा नाच केला आणि प्रेक्षक मुख्य नायक-नायिकेला विसरून या दोघांबद्दल बोलू लागले.

गंमत म्हणजे फ्रेडला पुन्हा जोडी नकोच होती. एका जोडीतून तो नुकताच बाहेर पडला होता. पण प्रेक्षकांपुढे त्याचं काही चाललं नाही. 1933 ते 1939 या काळात दोघांचे नऊ चित्रपट आले आणि दहा वर्षांनी, 1949 मध्ये, दहावा.

टॉप हॅट

या सगळ्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे 1935 चा टॉप हॅट. दिग्दर्शक मार्क सँड्रिच, संगीत अर्व्हिंग बर्लिन यांचं. कथा अगदी एवढीशी आहे. जेरी नावाचा अमेरिकन नर्तक लंडनच्या हॉटेलात रात्री खोलीत टॅप नाच करतो. टॅप म्हणजे बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या लावून जमिनीवर ताल धरायचा. खालच्या खोलीत झोपलेली डेल जागी होते आणि तक्रार करायला वर येते. ती परत गेल्यावर जेरी जमिनीवर वाळू पसरतो आणि त्यावर इतका हळुवार नाचतो, की खाली तिला झोप लागते. पुढे डेलचा गैरसमज होतो, की हा आपल्या मैत्रिणीचा नवरा आहे. मग राग, पळापळ, व्हेनिसला जाणं आणि शेवटी सगळं गोड.

कथेत दम नाही, हे त्या काळच्या प्रेक्षकांनाही कळत होतं. पण दिवसभर कामाच्या शोधात फिरून आलेला माणूस चित्रगृहात दीड-दोन तास बसायचा आणि हलक्या मनाने बाहेर पडायचा. त्या दशकात आर. के. ओ. ला सर्वांत जास्त नफा याच चित्रपटाने मिळवून दिला.

यातल्या एका नाचासाठी जिंजरने शहामृगाच्या पिसांचा झगा निवडला होता. नाच सुरू झाला आणि पिसं उडू लागली! फ्रेडच्या कोटावर पिसं, डोळ्यांत पिसं, जमिनीवर पिसं. तो भयंकर वैतागला. पण जिंजरने झगा बदलायला साफ नकार दिला. शेवटी पिसं पुन्हा घट्ट शिवून घेतली आणि चित्रीकरण झालं. नीट पाहिलं तर आजही पडद्यावर एक-दोन पिसं तरंगताना दिसतात. नंतर फ्रेडने तिला सोन्याचं छोटं पीस भेट दिलं आणि तिचं टोपणनावच पिसं असं पाडलं.

सोपं दिसण्यामागचं काम

फ्रेडची कामाची पद्धत आपण शिक्षकांनी समजून घेण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, तालीम. चित्रीकरण सुरू होण्याआधी कित्येक आठवडे तो आणि त्याचा सहकारी हर्मिस पॅन बंद खोलीत नाच बसवायचे. जिंजर दुसऱ्या चित्रपटात अडकलेली असली की पॅन तिच्या जागी उभा राहून तिची पावलं करायचा आणि ती आल्यावर तिला शिकवायचा.

दुसरी गोष्ट, कॅमेरा. त्या काळी नाच दाखवताना मध्येच पाय, मध्येच चेहरा, मध्येच प्रेक्षक असे तुकडे जोडायची पद्धत होती. फ्रेडने आग्रह धरला, की डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर दिसलं पाहिजे आणि नाच शक्य तितका सलग चित्रित झाला पाहिजे. याचा अर्थ काय? तीन मिनिटांच्या नाचात शेवटच्या क्षणी चूक झाली, तर सगळा नाच पहिल्यापासून. कापून-जोडून चूक लपवायची सोयच त्याने ठेवली नाही.

तिसरी गोष्ट, आवाज. टॅपचा आवाज नंतर वेगळा ध्वनिमुद्रित करायचे. म्हणजे तोच नाच, त्याच लयीत, पुन्हा एकदा!

1936 च्या स्विंग टाइम चित्रपटातला शेवटचा मोठा नाच एका दिवसात 47 वेळा करावा लागला, असं सांगतात. रात्र उलटून गेली. जिंजरच्या बुटांतून रक्त येत होतं आणि तरी ती थांबली नाही. इथे जिंजरचंही नाव आदराने घ्यायला हवं. फ्रेड जी पावलं टाकायचा तीच ती उलट्या दिशेने, उंच टाचांच्या बुटांत टाकायची आणि मानधन मात्र त्याच्यापेक्षा कमी घ्यायची. पुढे 1940 च्या किटी फॉयल या चित्रपटासाठी तिने अभिनयाचं ऑस्कर मिळवलं.

एक डागही सांगायला हवा

मुलांना चरित्र सांगताना फक्त गोड बाजू सांगू नये. टॅप नाच घडवला तो मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी. बिल रॉबिन्सन, जॉन बबल्स हे त्यातले मोठे गुरू. फ्रेड त्यांच्याकडे पाहून खूप शिकला आणि ते ऋण तो मानतही होता. स्विंग टाइममध्ये त्याने त्यांना मानवंदना म्हणून एक नाच केला, पण तोंडाला काळा रंग फासून. तेव्हा अमेरिकेत ही सर्रास चालणारी प्रथा होती आणि कृष्णवर्णीयांसाठी ती अपमानाची होती. ज्यांच्याकडून कला घेतली, त्या कलाकारांना मात्र हॉलिवूड नायकाची भूमिका देत नव्हतं. नाच अप्रतिम आहे आणि तो रंग चुकीचा आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मोठ्या वर्गांत यावर चर्चा जरूर घ्यावी.

निवृत्ती आणि पुनरागमन

1946 मध्ये फ्रेडने निवृत्ती जाहीर केली आणि पुढच्या वर्षी नाच शिकवणाऱ्या शाळा सुरू केल्या. पण जीन केली या दुसऱ्या मोठ्या नर्तकाचा घोटा मोडला आणि ईस्टर परेड चित्रपट अडला. फ्रेड त्याच्या जागी आला आणि ज्यूडी गार्लंडबरोबर 1948 मध्ये पुन्हा पडद्यावर झळकला. 1950 मध्ये त्याला विशेष ऑस्कर मिळालं. ते त्याच्या हाती दिलं जिंजर रॉजर्सने.

1951 चा रॉयल वेडिंग तर त्याच्याच आयुष्यासारखा आहे. नाचणारे भाऊ-बहीण लंडनला जातात आणि बहीण एका उमरावाशी लग्न करते! याच चित्रपटात फ्रेड खोलीच्या भिंतींवर आणि छतावर नाचतो. तेव्हा संगणक नव्हते. मग हे केलं कसं? पूर्ण खोली एका मोठ्या फिरत्या चौकटीत बांधली होती. सामान घट्ट बसवलेलं आणि कॅमेरा व कॅमेरामन खोलीलाच बांधलेले. खोली फिरली की कॅमेराही फिरायचा, त्यामुळे पाहणाऱ्याला खोली स्थिर वाटायची. फ्रेड मात्र नेहमी खालच्या बाजूलाच होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी सापेक्ष गती शिकवताना हे उदाहरण वापरून पाहावं. पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाईल चिकटवून मुलंसुद्धा हा प्रयोग करू शकतात.

दुःख आणि काम

1954 मध्ये त्याची पत्नी फिलिस फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. ती अवघी 46 वर्षांची होती. तेव्हा डॅडी लाँग लेग्ज या चित्रपटाचं काम सुरू होतं. तो सोडून द्यायची फ्रेडची तयारी होती, झालेला खर्चही तो स्वतः भरणार होता. पण हा चित्रपट त्याने करावा, अशी फिलिसची इच्छा होती. म्हणून तो कामावर परत आला. दोन दृश्यांच्या मधल्या वेळात तो बाजूला जाऊन रडायचा आणि कॅमेरा सुरू झाला की पुन्हा हलकाफुलका नाचायचा, असं सांगतात. तो चित्रपट पाहताना यातलं काहीच कळत नाही.

पुढे 1957 मध्ये ऑड्री हेपबर्नबरोबर फनी फेस आला. 1958 मध्ये टीव्हीवर आलेल्या त्याच्या कार्यक्रमाला नऊ एमी पुरस्कार मिळाले. 1974 च्या द टॉवरिंग इन्फर्नो या चित्रपटातल्या, नाच मुख्य नसलेल्या भूमिकेसाठी वयाच्या पंच्याहत्तरीत त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. 1981 मध्ये अडेल गेली. 22 जून 1987 रोजी न्यूमोनियाने फ्रेडचं निधन झालं, तेव्हा तो 88 वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी मायकेल जॅक्सनने आपलं आत्मचरित्र त्याला अर्पण केलं.

आपण काय घ्यायचं?

स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की आपण पटकन चांगली नाचणारी मुलं पुढच्या रांगेत घेतो. मागच्या रांगेतलं एखादं मूल घरी जाऊन आरशासमोर तेच पाऊल शंभर वेळा करत असतं, ते आपल्याला दिसत नाही. फ्रेड त्या रांगेतला मुलगा होता. त्याला वेळ मिळाला, शाळेत जाऊन उंच व्हायला दोन वर्षं मिळाली आणि जोडीदार म्हणून का होईना, मंच मिळाला. तेवढं पुरलं.

म्हणून यंदा तालीम घेताना मागच्या रांगेतल्या एकेका मुलाला एकदा तरी पुढे आणून पाहा. आणि घरी दोन मुलं असतील, तर कोण हुशार हे इतक्यात ठरवू नका.

वर्गात विचारता येतील असे प्रश्न

1. फ्रेडला नाचाच्या शाळेत कोणामुळे जायला मिळालं?
2. फ्रेड आणि अडेल यांच्या सरावाच्या सवयींत काय फरक होता?
3. नाच सलग चित्रित करण्याच्या आग्रहामुळे नाचणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते?
4. छतावरच्या नाचात खोली फिरत असूनही आपल्याला ती स्थिर का वाटते?
5. तुला सोपी वाटणारी, पण प्रत्यक्षात खूप सराव लागणारी एखादी गोष्ट कोणती? आठ-दहा ओळी लिही.